पाठमोरा मुखवटा

हेमराज दडमलला रोज सकाळी जाग यायची ती एका मिशीवाल्या माणसाच्या तोंडाकडे बघत. टपोरे डोळे, लालभडक ओठ, कपाळावर गंध आणि मिशी तर अशी, की समोरच्यानं आधी रामराम घालावा. हा माणूस प्लास्टिकचा होता आणि हेमराजच्या बायकोच्या डोक्याला मागच्या बाजूनं इलॅस्टिकनं बांधलेला होता. बायको, म्हणजे हिरकन्या, दाराकडे तोंड करून झोपायची. तिच्या पाठीशी फक्त नवरा आणि त्याच्यामागे भिंत. कूस बदलायची झाली तर तो बिचारा आधी सांगायचा, "हिरा, मी पलटून राह्यलो वो," आणि मगच पलटायचा. लग्नाचा नवरा, पण स्वतःच्याच खाटेवर परवानगी काढून झोपत होता!

आता हा मुखवटा कुठून आला ते सांगायला हवं. पळसबोडी हे गाव चंद्रपूरकडच्या जंगलाला अगदी खेटून. वाघ माणसावर येतो तो बहुतेक मागून. समोर तोंड दिसलं की बिचकतो. म्हणून गावच्या समितीनं मोहफुलं वेचणाऱ्या बायांना मुखवटे वाटले होते, डोक्याच्या मागे बांधायला. तसे जंगलातल्या बहुतेक वाघांच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारे पट्टे होते आणि पट्टेवाला वाघ जवळ आला की गावातले सगळे मोबाइल एकदम किंचाळायचे. पण जंगलात नवा आलेला, पट्टा नसलेला वाघही असतोच. त्याच्यासाठी हा मिशीवाला. बायांनी त्याचं नाव 'भाऊजी' ठेवलं. "चाल वो, भाऊजीले घेतलं का?" "माहे भाऊजी तुह्या भाऊजीपेक्षा देखणे हायेत!" अशी सगळी थट्टा चालायची.

आणि एक चूक पळसबोडीच्या झाडून सगळ्या बाया करायच्या. चैत्रात मोह असा सांडतो की झाडाखाली पाय ठेवायला जागा राहत नाही. टोपली भरली की बाई इकडेतिकडे बघायची, हळूच मुखवटा काढायची आणि उलटा करून त्यात फुलं भरायची. खोलगट, हलका, हातात धरायला सोपा! त्या सकाळी हिरानंही तेच केलं. मुखवटा निम्मा भरला होता, ती वाकलेली होती, आणि वाघीण तिच्या पाठीवर आली.

बाकीच्या बायांनी बोंब मारली, काठ्या आपटल्या. हिराच्या सासूनं, भागरथाबाईनं, तर आपली भरलेली टोपली वाघिणीच्या तोंडावर भिरकावली. वाघीण सोडून पळाली. हिराच्या मानेला आणि खांद्याला टाके पडले, यथावकाश ते सुकले. वाघदेवापुढे नारळ फुटला. गाव म्हणालं, चला, सुटली एकदाची.

सुटली कसली! मोहाचा वास आला की हिराची बोटं गार पडायची. मागे कुत्रं सळसळलं, वाळलं पान वाजलं, की ती पुन्हा त्याच झाडाखाली. तिला ते आठवायचं नाही, हे नीट समजून घ्या. ती तिथेच असायची. पाठीवर वजन, कानाशी गरम श्वास. भानावर यायची तेव्हा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेली, घामानं चिंब. बाजार सुटला, पंगतीला बसणं सुटलं, आणि भाऊजी काही डोक्यावरून उतरेना. एकदाच काढला होता, तर काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

मग आला धप्प्याचा दिवस. लेक ओवी तेव्हा नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. लपाछपी नवीनच शिकलेली. हिरा अंगणात भांडी घासत होती. ओवी पावलं न वाजवता मागून आली आणि आईच्या पाठीवर दोन्ही हात आपटून ओरडली, "धप्पा!"

हिरानं तिला उचलून फेकलं. बघितलंसुद्धा नाही काय आहे ते. पोर ओट्याच्या कडेवर आपटली, हात मोडला. हिराला कळलं तेव्हा ओवी रडतही नव्हती, नुसती आईकडे बघत होती.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. ओवी आता चांगली मोठी, तिसरीत. पण शाळेतून आली की आधी दारातून ओरडायची, "आई, मी होय वो. मागून येऊन राह्यली." पाणी प्यायला जाताना तेच, निजायला येताना तेच. हिराला ते दिवसभर ऐकू यायचं आणि दर वेळी तिचा जीव तुटायचा. एकदा ओवी आजीला विचारत होती ते तिच्या कानावर पडलं. "आजी, सगळ्या पोट्ट्या आपल्या मायले धप्पा देतात. मी कधी देऊ?" भागरथाबाईंनी नातीच्या डोक्याला तेल लावायला घेतलं आणि जरा जास्तच जोरात चोळलं.

दुसऱ्या दिवशी हिरानं भाऊजी घट्ट बांधला, सासूला बरोबर घेतलं आणि तालुक्याला जाणारी बस धरली. तिथल्या दवाखान्यात माणसाच्या मनातली भीती काढणारं यंत्र आलंय, असं ती सहा महिने ऐकत होती. शेवटच्या सीटवर, पाठ काचेला लावून, डोळे मिटून तिनं तो प्रवास केला.

डॉक्टर नाझनीन शेख मूळ वरोऱ्याच्या. मुखवटा बघून हसल्या नाहीत, की काढा म्हणाल्या नाहीत. हिराचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "हिराताई, आपल्या डोक्यात एक कारकून बसलेला असतो असं समजा. काही घडलं की तो त्यावर तारीख टाकतो, जागा लिहितो आणि पेटीत ठेवून देतो. म्हणून तुमचं लग्न आठवलं तरी आज लग्न चालू आहे असं वाटत नाही."

"वाटलं तं बरंच हाय, जेवण झकास होतं," भागरथाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. "पण जिवावर बेतलं की मेंदूत खोल, बदामाएवढा एक भाग आहे, तो भोंगा वाजवतो. एवढा मोठा, की कारकून टेबल सोडून पळतो. आठवण तर राहते, पण तिच्यावर तारीखच पडत नाही. पुढे कधी पान वाजलं, की मेंदू ती आठवण काढतो, तारीख शोधतो, सापडत नाही. त्याला वाटतं, हे आत्ताच चाललंय."

हिरानं विचारलं, "म्हणजे मी येडी नाही?"

"अजिबात नाही. तुमचा पहारेकरी अजून पहाऱ्यावर उभा आहे. वाघीण गेली हे त्याला कोणी कळवलंच नाही."

एवढी वर्षं कोणी वारं लागलं म्हणालं, कोणी नाटक म्हणालं, नवरा म्हणाला मनावर घेऊ नको. हिरा त्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. भागरथाबाईंनी समोर येऊन, दिसेल असा हात पुढे करून, तिचे डोळे पुसले.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. दवाखान्यात सगळे त्याला टोपच म्हणायचे. टोपातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी निघतात आणि कवटीला धक्का न लावता त्या बदामावर एकवटतात. त्यामुळे भोंगा हवा तेवढा हळू करता येतो. पण नुसता भोंगा हळू करून भागत नाही. आठवण जेव्हा माणूस मुद्दाम उघडतो, सांगतो, तेव्हा काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ पडते आणि नंतर पुन्हा घट्ट होते. मऊ असताना भोंगा शांत ठेवला, तर ती घट्ट होताना भीतीवाचून घट्ट होते. सारी करामत त्या काही तासांची.

"किती शांत करता येतो?" हिरानं विचारलं.

"अगदी शून्यापर्यंत. पण मी तसं सुचवत नाही. ही रीत नवी आहे आणि तो भोंगा एकट्या वाघाचा नाही."

"शून्य करा," हिरा म्हणाली. "मले भीतीचा दाणाही नको अंगात. माही पोट्टी पाहा, आपल्याच घरात ओरडत फिरते."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. हिरा ऐकेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मग आधी शिंपी घालतो तसा कच्चा टाका घालू. दोन दिवस टिकेल, आपोआप उसवेल. आवडलं तर या, पक्का करून देईन. एकदा पक्का झाला की मात्र मला उसवता यायचा नाही."

टोप घालून, उघड्या दाराकडे पाठ करून, हिरानं ती सकाळ सांगितली. मोह, मुखवटा, वजन, श्वास. सांगता सांगता तिचा आवाज सपाट होत गेला, जणू शेजारणीची हकीकत. बाहेर आली तेव्हा भाऊजी तिच्या हातात होता. परतीच्या बसमध्ये ती मधल्या सीटवर बसली, मागे अख्खी बस खचाखच. भागरथाबाई तिच्याकडे टकामका बघत राहिल्या.

हेमराजच्या आनंदाला तर पारावार नव्हता. बायकोची मोकळी मान, वेणी, मानेवरचे वण त्यानं कितीतरी वर्षांनी उजेडात पाहिले. "हिरा, तू परत आली वो," तो म्हणाला. हिरा हसली. छान वाटत होतं. सगळंच छान वाटत होतं.

"ओवी," तिनं हाक मारली, "आज न सांगता ये. धप्पा दे मले."

पोरीचा विश्वास बसेना. ती घरामागून वळसा घालून आली, श्वास रोखून, चवड्यांवर. हिरा तांदूळ निवडत होती. ओवीनं डोळे मिटले, सगळा जीव एकवटला आणि आईच्या पाठीवर हात आपटले. "धप्पा!"

"दिला का? शाब्बास," हिरा म्हणाली आणि खडा काढून बाजूला टाकला.

ओवी तिथेच उभी राहिली. "तू दचकली नाही."

"कायले दचकू?"

"मग धप्पा कसा होईल?" ओवी वळून आजीकडे निघून गेली. हिराला दिसलं, की पोरीला काहीतरी लागलंय. पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

दुसऱ्या सकाळी हिरा बायांबरोबर मोह वेचायला गेली, ओवीला घेऊन. सुट्टीचा दिवस होता. बायांनी तिला बघून आनंदानं ओरडाच केला. हिरा गुणगुणत वेचत होती. तेवढ्यात नाल्याकडच्या झाडावरून वानरानं इशारा दिला. "खक्! खक्!" वाघ दिसला की वानर ओरडतं, तो आवाज पळसबोडीत तान्ह्या पोरालाही कळतो. बाया टोपल्या टाकून एकीला एक चिकटल्या. हिराला आवाज ऐकू आला. वाघ असेल, तिच्या मनात आलं, आणि ती पुढचं फूल उचलायला वाकली.

ओवी नाल्याच्या बाजूला होती. "आई!" ती किंचाळली.

हिरानं मान वर करून बघितलं. लेकरू तिकडे, वानर त्याच्याही पलीकडे. "ये इकडं," ती म्हणाली, साखर आण म्हणावं तशी. धावल्या त्या भागरथाबाई. त्यांनी नातीला काखेत मारली, दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट धरलं आणि दोघींना ओढत बाहेर काढलं. वाघ कोणाला दिसला नाही. नाल्यातून खाली उतरून गेला असावा.

दुपारी टाका उसवायला लागला. हिरा ओसरीत बसली होती. आधी बोटं गार पडली. मग छातीत धडधड सुरू झाली, आणि सकाळची ती किंकाळी तिला खरोखर ऐकू आली. माही ओवी नाल्यावर होती! माही ओवी तिथं होती आणि मी फुलं वेचत होती! हिरा ओरडत उठली, आत धावली, झोपलेल्या पोरीला छातीशी घेतलं आणि तिचे हातपाय चाचपत राहिली.

संध्याकाळी हेमराज म्हणाला, "उद्याच जाऊ. पक्कं करून घेऊ."

"नाही करायचं."

"हिरा!" तो एकदम तापला. "कालचा एक दिवस माह्या घरात घर होतं. पाच वरसं मी काही बोललो नाही. आता वाट सापडली तं तू नाही म्हणतं?"

"लेकरू किंचाळलं अन् माह्या काळजाले काही झालं नाही. तुम्हाले अशी बायको पाहिजे? मी भिऊन तिले फेकलं, थे वाईट. पण न भिऊन तिले वाघाले देली असती, त्याचं काय?"

हेमराज बाहेर जाऊन बैलाला उगाच दुसऱ्यांदा पाणी दाखवून आला. मग म्हणाला, "चाल, दुसरी काही वाट हाय का इचारू. यावेळी मीही येतो."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "दुसरा रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "भोंगा बंद करायचा नाही. कारकून टेबल सोडून पळणार नाही, एवढाच हळू करायचा आणि त्याच्याकडून तारीख टाकून घ्यायची. पण तुम्हाला भीती वाटेल, प्रत्येक वेळी. महिने लागतील."

"लागू द्या," हिरा म्हणाली.

फार कठीण गेलं ते. पावसाळा गेला, धान कापून झालं, तरी ती जातच होती. टोप घालायची, सांगायची, थरथरायची, कधी मध्येच टोप काढून निघून यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा जायची. डॉक्टर खोदून खोदून विचारायच्या. वार कोणता? लुगडं कोणतं? ऊन कुठून येत होतं? आणि दर वेळी हिरा एकाच ठिकाणी थांबायची: पाठीवर वजन, कानाशी श्वास.

"मग पुढे काय झालं?" एकदा डॉक्टरांनी विचारलं.

एवढी वर्षं हिराची आठवण तिथेच संपत होती. तिनं डोळे घट्ट मिटले. "पुढं... फुलं पडली. वाघिणीच्या तोंडावर. माह्या केसात. आत्याबाई वरडत होत्या, शिव्या देत होत्या तिले. मंग वजन गेलं. मंग मले खाटेवर घालून आणलं. अन् मी..." ती डोळे उघडून डॉक्टरांकडे बघू लागली. "मंग मी वाचली. म्याडम, मी वाचली ना वो!"

"भरली टोपली गेली होती माही," दाराजवळ बसलेल्या भागरथाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळा निवडक मोह!"

हिरा हसायला लागली. रडत होती आणि हसत होती आणि तिची पाठ उघड्या दाराकडे होती. हेमराजनं दारात उभं राहून ते पाहिलं.

पुन्हा चैत्र आला. हिरा मोह वेचायला गेली, भाऊजीला नीट मागे बांधून. मोहाचा वास आला, बोटं गार पडली, तिनं दमानं श्वास घेतला, बोटं पुन्हा वेचू लागली. बरोबरच्या बाया थट्टेत रंगल्या होत्या, तोच तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. वानर अजून ओरडायचं होतं. नुसती पाखरं गप्प झाली होती. छातीत भोंगा वाजला, पाय लाकूड झाले. क्षणभर ते जुनं झाड, ते वजन. आणि मग आतून कोणीतरी तारीख वाचून दाखवावी तसं तिला कळलं: ते तेव्हाचं. हे आजचं. आज मी उभी हाय.

"या वो साऱ्या! पाठीले पाठ लावा!" हिरा गरजली. बाया धावत आल्या. एकीच्या हातात मुखवटा होता, फुलांनी काठोकाठ भरलेला. "वत थे खाली! भाऊजीले मागं बांध आधी!" फुलं सांडली, मुखवटा डोक्यावर चढला. मग वानर ओरडलं. आणि झुडपातून ती आली, पट्टा नसलेली, तरणी वाघीण. तिला चहूकडे तोंडंच तोंडं दिसली, समोरची आणि मिशीवाली. हिरानं काठी आपटली आणि सासूनं एकेकाळी दिल्या होत्या त्याच शिव्या वाघिणीला घातल्या, एकही न गाळता. वाघीण थबकली, शेपटी हलवली आणि पाठ फिरवून निघून गेली.

साऱ्या जणी गावात परतल्या, एकही कमी नाही. वेशीवर आल्यावर हिरा धपकन खाली बसली. "भल्ली भ्याली वो मी, भल्ली भ्याली!" ती सांगत सुटली आणि बायांनी तिला उचलूनच घेतली. भागरथाबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "माही सून होय थे. शिव्या माह्या होत्या."

दुपारी भाऊजी खुंटीवर गेला. हल्ली घरात तो तिथेच उलटा टांगलेला असायचा आणि त्यात लसूण ठेवलेला असायचा. हिरा अंगणात भांडी घासायला बसली. उन्हात पाठ छान शेकत होती. सकाळचं आठवून ती स्वतःशीच हसत होती. शाळा सुटल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. दारातून कोणी ओरडलंही नाही.

"धप्पा!"

हिरा केवढ्यानं दचकली! हातातलं पातेलं उडालं, खणखणत तुळशीपर्यंत गेलं, राखेचे हात हवेत, तोंडातून "अवो माय!" आणि काळीज धाडधाड. ती गर्रकन वळली. मागे ओवी उभी होती, हात अजून पुढेच, डोळे विस्फारलेले, एक पाऊल मागे घेतलेलं.

आणि हिरा हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "काय वो पोट्टे, जीव गेला ना माहा!"

"दचकली!" ओवी जागच्या जागी उड्या मारायला लागली. "आजी! बाबा! आई दचकली! आईले धप्पा बसला!"

हिरानं राखेच्या हातांनीच तिला जवळ ओढलं, दोन्ही गालांवर राख फासली. मग उठली, पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून, सगळ्या जगाकडे पाठ करून, डोळे झाकून उभी राहिली.

"राज्य माह्यावर आलं," ती म्हणाली. "लप, पळ!"